नर पपई

ये यातोर, बैस. आधी टॉर्च विझव.
कुऱ्हाड त्या बाभळीला टेकव.
शेळी हुंगेल, हुंगू दे.
सूर्य आत्ताच एल्गेयोच्या कड्यामागे गेला.
वर इतेनला अजून उजेड असेल,
पळणारी पोरं अजून तांबड्या रस्त्यावर असतील.
आपल्या केरिओच्या खोऱ्यात अंधार वरून पडत नाही,
नदीकडून चढत येतो,
गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा.

तू म्हणालास, फुलं येतात आणि गळतात.
दोनशे झाडं, एक फळ धरत नाही.
औषध मारलंस, शेणखत घातलंस,
पाद्र्याला बोलावून प्रार्थनाही करवलीस.
मी विचारलं, नर किती ठेवलेत?
तू हसलास:
"पाणी पितात, फळ देत नाहीत,
असल्यांना कोण पोसतं, कोबिलो?"

माझा नवराही हेच म्हणायचा.
हे एक वाचलं ते शेळी बांधायला खुंट हवा म्हणून.
आता बघ कसं लोंबतंय,
हातहात लांब देठ,
त्यांवर बारीक पांढरी फुलं, विसकटलेली,
कुणी मोजत नाही अशी.

आता वास सुटला असेल.
कसा, ते मला विचारू नकोस.
धाकटीच्या वेळच्या तापात माझं नाक गेलं.
दूध नासलं तरी कळत नाही,
उगाली करपली की पोरं ओरडतात, तेव्हा मी धावते.

मागच्या वर्षी नैरोबीहून एक मुलगी आली होती, नाफुला.
तिनं फुलावर काचेची बरणी घातली,
नळीनं वास ओढला,
इवल्या बाटलीत कोंबला, वर आकडा लिहिला.
मी म्हटलं, एक बाटली मलाही दे,
उशाशी ठेवीन.
ती हसली नाही.
म्हणाली, "मावशी, हा वास
आपल्यासाठी नाहीच मुळी."

श्श.

तो बघ. नाही, पक्षी नव्हे.
बोटाएवढं अंग. पंख दिसत नाहीत,
नुसती हवा थरथरते.
कड्याखालच्या काटवनातून आलाय,
मला न दिसणारी, तुला न दिसणारी
एक दोरी धरून.
माझ्यासाठी वास म्हणजे हाच:
हा आला की समजायचं, सुटला.

सोंड उलगडली. सुतळीसारखी.
नराच्या फुलात बुडली; रस आहे तिथं.
दुसरं फूल. तिसरं.
आता माझ्या मादीकडे निघाला.
तिचं फूल पांढरंच, वासही बराचसा तसाच,
पण वाटी कोरडी.
एक थेंब नाही, यातोर.
तो सोंड घालतो, अडखळतो, निघून जातो.
फसला बिचारा.
पण फसायला लागतो तेवढ्या वेळात
अंगावरची चिमूटभर धूळ तिथं सांडते,
आणि माझ्या मुलींची फी, छपराचे नवे पत्रे,
एल्डोरेटच्या बाजारात जाणारी सगळी खोकी
त्या चुकीच्या पोटी जन्माला येतात.

पुष्कळ नर नकोत. थोडे पुरे.
पण कुणीतरी खरंच द्यावं लागतं,
तेव्हा बाकीच्यांचं खोटं खपतं.

आणि ऐक, कुंपणाकडचं रान जाळू नकोस.
शेपटीवर शिंग असलेल्या त्या हिरव्या अळ्या,
ज्यांना तुझी पोरं दगडानं ठेचतात,
त्याच या.

रोपं देईन. पण नर कोणतं, मादी कोणती,
फुलेपर्यंत मलाही सांगता यायचं नाही.
रोपाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं.

संपलं बघ. वीस मिनिटं, फार तर.
आता टॉर्च लाव हवी तर.

नाही? मग ऊठ, जवळ जा,
नाक लाव त्या फुलाला.
तुझं शाबूत आहे, सांग मला,
कसा आहे?

"गोड," म्हणालास.

गोड म्हणजे कसा? उसासारखा? मधासारखा?
न्हालेल्या बाळासारखा?

तू डोकं खाजवलंस.
इतकी वर्षं झाडं तोडलीस,
आणि आत्ता म्हणतोस,
"थांब, पुन्हा हुंगतो."